वारीचा अल्बम: आळंदी ते पंढरपूर, बारा इंचांच्या पानांवर

फोटोंचे सजवलेले अल्बम आम्ही करून देतो. हे काम आलं ते एका घरच्या सुनेकडून. सासऱ्यांची पंचाहत्तरी श्रावणात होती, आणि शाल-श्रीफळाबरोबर त्यांच्या हातात त्यांच्याच वारीचा अल्बम ठेवायचा असं घरच्यांनी ठरवलं होतं. आप्पा (घरात सगळे त्यांना आप्पाच म्हणतात) माउलींच्या पालखीबरोबर तरुणपणापासून चाललेले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते पालखी पुण्यात आली की दर्शन घेतात, हडपसरपर्यंत जातात आणि परत फिरतात. फोटोंना तोटा नव्हता. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले रंगीत प्रिंट, मग मुलाच्या डिजिटल कॅमेऱ्यातले, मग मोबाइलमधला ढीग.

सूनबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "ताई, प्रत्येक पानावर विठोबा हवा, तुळस हवी, टाळ-मृदंग हवेत. तुमच्याकडे मशीन आहे ना, मग कापायला कितीसा वेळ लागतो?"

खरंच लागत नाही, आणि गोम तिथेच आहे. आमचं मशीन कॉम्प्युटरवरच्या फाइलीतला आकार छोट्या पात्यानं कागदातून कापतं. कमरेवर हात ठेवलेला विठोबा एकदा फाइलमध्ये आला की एक कापा नाहीतर पन्नास, मशीनला सारखंच. थीमवर केलेल्या अल्बमची निम्मी पानं या सोयीपायी वाया जातात. वाढदिवस म्हटलं की फुगे, समुद्र म्हटलं की शिंपले, वारी म्हटलं की विठोबा. चार पानं उलटल्यावर बघणाऱ्याची नजर सजावटीवरून घसरायला लागते, आणि पाचव्या पानावरचा फोटो कितीही चांगला असला तरी तिच्याबरोबर घसरून जातो. म्हणून आधी काय कापायचं नाही ते ठरवलं. विठोबा एकदाच येईल, शेवटच्या जोडपानावर. पालखी जशी पंढरपुरात पोचते तसाच अल्बमही पोचेल. सूनबाई थोड्या नाराज झाल्या, पण "मधल्या पानांवर नुसता रस्ता दाखवणार का?" असं विचारून थांबल्या. हो, रस्ताच दाखवायचा होता.

मशीन हातात घेण्याआधी जुने फोटो सोडवणं आलं. ऐंशीच्या दशकातले प्रिंट त्या काळी घरोघरी असलेल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये होते. प्लास्टिक उचलायचं, फोटो ठेवायचा, प्लास्टिक पुन्हा दाबायचं. त्या पानांवरचा गोंद वर्षानुवर्षं फोटोच्या पाठीला खात राहतो आणि फोटो पानाशी एकजीव होतो. ओढून काढला तर फोटो वाकतो, वरच्या थराला चिरा पडतात. दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा, मेण नसलेला, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवायचा आणि करवतीच्या हातानं हळूहळू पुढे न्यायचा. सुटतो. दोन-तीन फोटो तरीही सुटायला तयार नव्हते. ते पानासकटच स्कॅन केले. मूळ प्रिंट अल्बममध्ये लावायचेच नाहीत असा आमचा नियम आहे. ६०० डीपीआयला (इंचामागे सहाशे ठिपके) स्कॅन करून मॅट कागदावर नवी प्रत काढायची आणि मूळ फोटो आम्लमुक्त पाकिटात घालून घरी परत द्यायचे. प्रत असली की कापाकापीला हात कचरत नाही.

फोटो टेबलावर मांडल्यावर क्रम सालाप्रमाणे लावायचा की वाटेप्रमाणे, हा प्रश्न आला. सालाप्रमाणे लावले असते तर आळंदी दहा वेळा आणि नीरा नऊ वेळा दिसली असती. वाटेप्रमाणे लावले तर पान एक, ठिकाण एक, आणि त्या पानावर तिशीतले आप्पा आणि साठीतले आप्पा शेजारी शेजारी. दुसरा मार्ग घेतला. आळंदी, पुणे, दिवे घाट आणि सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, चांदोबाचा लिंब, फलटण, सदाशिवनगरचं रिंगण, वेळापूर, वाखरी, पंढरपूर. काही मुक्कामांचे फोटोच नव्हते. ते मुक्काम सोडून दिले.

रंगही वाटेवरून घेतले. सदऱ्या-धोतराचा पांढरा, पताकेचा भगवा, तुळशीचा गडद हिरवा, मातीसाठी तपकिरी क्राफ्ट कागद, आणि अक्षरांसाठी बुक्क्याचा काळा. पिवळा एकाच पानावर, जेजुरीच्या. तिथे माउलींच्या पालखीवर भंडारा उधळतात, तेव्हा त्या पानाला पिवळ्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो पिवळा दुसरीकडे कुठेच नसल्यामुळे पान उलटताक्षणी जेजुरी आल्याचं कळतं. त्या पानावर मशीननं काही म्हणजे काही कापलेलं नाही. पिवळा कागद, तीन फोटो, एक ओळ.

पानाचं माप बारा बाय बारा इंच. हे माप आपल्याकडे आलं ते अमेरिकेतल्या युटाहमधून. तिथल्या क्रिस्टेन्सन कुटुंबानं १९८० साली सॉल्ट लेक सिटीच्या वंशावळ-नोंदींच्या जागतिक परिषदेत आपले कौटुंबिक अल्बम मांडले, पुढच्या वर्षी दुकान काढलं, आणि तिथून सजवलेल्या अल्बमांचा, म्हणजे स्क्रॅपबुकिंगचा, हा छंद फोफावला. घरगुती कटिंग मशीनच्या दोन मोठ्या कंपन्या, क्रिकट आणि सिलुएट, त्याही युटाहच्याच. म्हणून ज्या चिकट मॅटवर कागद बसवून मशीनमध्ये सरकवतात, तिचं मापही बारा इंचीच. आपल्या बाजारात मात्र कागद त्या हिशेबानं येत नाही. बारा इंचांचे तयार कार्डस्टॉक (जाड कागद) ऑनलाइन मिळतात, पण अख्खा अल्बम त्यात करायचा तर खर्च भलताच वर जातो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा बोहरी आळीत मोठा ताव घेतलेला बरा, फक्त ताव बघून घ्यायचा. २० बाय ३० च्या तावातून बारा इंचांची दोनच पानं निघतात. २३ बाय ३६ मधून तीन. २५ बाय ३६ मधून सहा, आणि कडेची जेमतेम एक इंचाची पट्टी उरते. दोन इंच जास्त रुंद ताव घेतला की पानं दुप्पट. दुकानदार "तेवीस-छत्तीस चालेल ना ताई?" असं विचारतो तेव्हा म्हणूनच मान हलवायची नाही.

बारा इंची मॅट असली तरी आमचं मशीन कापतं साडेअकरा इंचच. पूर्ण पानाच्या मापाचा आकार त्यातून निघत नाही. यावर कातरीनं पुढे कापत बसण्यापेक्षा पानाच्या चारही बाजूंना पाव इंचाची कोरी चौकट ठेवली आणि सगळे आकार त्या चौकटीच्या आत बसवले. सगळ्या पानांवर एकच चौकट आली, आणि ती मुद्दाम आखलीय असंच बघणाऱ्याला वाटतं.

दिवस आषाढाचे होते. पावसात कागद दमट होतो, मऊ पडतो, आणि पातं त्याला कापण्याऐवजी ओढतं. कडेला लव उभी राहते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह स्टीलच्या डब्यात ठेवायचा आणि कापायच्या वेळीच बाहेर काढायचा. प्रत्येक तावाच्या कोपऱ्यात आधी एक चिमुकला त्रिकोण कापून बघायचा. टोक स्वच्छ निघालं तर पुढे जायचं, नाहीतर दाब वाढवण्यापेक्षा तोच आकार दोनदा कापायला सांगायचं. दाब वाढवला की दमट कागद आणखीच ओढला जातो. कापून झाल्यावर कागद मॅटवरून उचलायचा नाही. मॅट पालथी घालायची आणि मॅटच वाकवून कागदापासून सोडवायची. उलट केलंत तर प्रत्येक आकार गोल वळून बसतो आणि मग तो पुस्तकाखाली दाबत राहा.

मातीच्या थरांसाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद वापरला. १९४० साली सुरू झालेली ही जागा पुण्यातल्या कागदवेड्यांना सांगायला नकोच. सुती चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद टिकाऊ, हाताला खरबरीत, आणि रंगात जिवंत. मशीनच्या पात्याशी मात्र त्याचं जमत नाही, कारण लांब तंतू पात्याला गुंडाळतात. म्हणून तो कापलाच नाही. ओल्या ब्रशनं रेघ ओढून हातानं फाडला. फाटलेली कड मातीच्या बांधासारखी दिसते, आणि शेजारी मशीननं कापलेली सुबक कड आली की दोन्ही उठून दिसतात.

आता शीर्षकं. मराठीत कापायला बसलं की पहिला फटका शिरोरेषेचा बसतो. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षरावर थोडं चढतं. पडद्यावर ती सलग रेघ दिसते. मशीनला मात्र प्रत्येक अक्षराची वेगळी कड दिसते आणि ते प्रत्येक सांध्यावर उभा छेद देतं. शब्द मॅटवरून सुटतो तो अक्षर-अक्षर होऊन. उपाय सोपा आहे. शब्द इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा, तिथे जोडाक्षरं नीट बसतात. मग अक्षरांचं आकारात रूपांतर करायचं, सगळे आकार जोडून एक करायचे, आणि एसव्हीजी (रेषांच्या आकारांची) फाइल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची. एवढं केलं की शिरोरेषा आपल्या बाजूनं काम करायला लागते. इंग्रजी शीर्षकाची अक्षरं सुटी निघतात आणि ती पट्टी धरून एका ओळीत चिकटवावी लागतात. आपला 'घाट' एका तुकड्यात, सरळ ओळीत, अंतरासकट हातात येतो.

सुटे राहतात ते अनुस्वार. 'रिंगण' कापलं तर वरचा ठिपका मॅटवर एकटाच पडून राहतो, आणि तो नेमका कुठे लावायचा हे डोळ्यानं ठरवायला गेलं की प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसतो. ज्या कागदातून शब्द कापला तो भोकांचा कागद फेकायचा नाही. तो पानावर ठेवायचा, शब्द आणि ठिपका आपापल्या भोकात बसवायचे, आणि मग कागद अलगद उचलून घ्यायचा. काही शीर्षकांना आम्ही मागून दोन मिलिमीटर मोठी, पांढऱ्या कागदाची सावली दिली. ठिपका तिच्यावर चिकटवला की तो शब्दापासून हलत नाही.

फॉन्ट निवडताना सूनबाईंना 'मोदक' आवडला होता. गुबगुबीत, लाडिक अक्षरं. पण त्याच्या अक्षरांच्या पोटातली जागा नुसत्या चिरांइतकी उरते, आणि दोनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाच्या) कागदात तेवढी चीर कापली की ती फाटते किंवा मिटून जाते. शेवटी 'बालू' घेतला. तोही जाडजूड, पण अक्षरांच्या आत मोकळा. दोन्ही फॉन्ट मुंबईच्या एक टाइपचे आहेत, मुक्त परवान्याचे, त्यामुळे पैसे घेऊन केलेल्या कामातही वापरायला हरकत नाही. आयत्या कटिंग फाइलींचं तसं नसतं. फुकट मिळालेल्या बऱ्याच फाइलींवर 'फक्त घरगुती वापरासाठी' अशी अट असते आणि ती कुणी वाचत नाही.

दिवे घाटाचं जोडपान सगळ्यात जास्त वेळ घेऊन गेलं. पहिल्या आराखड्यात डोंगर होते आणि डोंगरावर चालणाऱ्या वारकऱ्यांच्या छोट्या छोट्या आकृत्या. कापून बघितल्या. पताकेची काठी मॅटवरून सोडवताना मोडत होती, टाळ म्हणजे नुसता ठिपका, वीणेच्या तारा तर विचारूच नका. दीड मिलिमीटरपेक्षा बारीक काहीही दोनशे जीएसएममध्ये टिकत नाही. मग आप्पांच्याच एका फोटोकडे नीट बघितलं. सासवडकडच्या वरच्या वळणावरून काढलेला, खाली अख्खा घाट. त्यात माणसं दिसतच नाहीत. दिसतो तो रस्ता पांढरा झालेला. तेच केलं. तपकिरी आणि हिरव्या कागदाचे डोंगर एकावर एक, आणि समोरच्या डोंगरात नागमोडी रस्ता कापून काढून टाकला. त्या फटीतून खालचा पांढरा कागद दिसतो. त्यावर पंचिंगमधून निघालेले भगवे ठिपके इकडेतिकडे. आकृती एकही नाही. दोन्ही पानं धरून मशीननं कापलेला खरा आकार एकच, आणि तोही मोकळी जागा.

फोटोखाली झाकला जाणारा डोंगराचा भाग आतून कापून काढला. वरून काही कळत नाही, पण पानाची जाडी कमी होते, आणि निघालेल्या तुकड्यांतून पुढच्या पानांचे फोटो-कोपरे होतात.

वाखरीच्या पानाच्या तळाला मात्र दिंडी हवीच होती. तिथे माणसांची रांग एका सलग पट्टीवर उभी केली, पाय पट्टीत मिसळलेले, म्हणजे शिरोरेषेची युक्ती खालून. आकृत्या कुठल्या फाइलीतून न घेता फोटोंवरून काढल्या. पताकेच्या काठ्या फोटोत असतात त्यापेक्षा दुप्पट जाड केल्या. त्यांतला एक कमरेत किंचित वाकलेला माणूस आप्पांच्या दिंडीचा विणेकरी आहे. घरच्यांनी तो लगेच ओळखला.

रिंगणात फसायला वाव फार. मध्यबिंदू दोन पानांच्या सांध्यावर ठेवला तर बांधणी तो गिळून टाकते. म्हणून केंद्र उजव्या पानावर, सांध्यापासून तीन इंच आत. बाहेरचं वर्तुळ पंधरा इंच व्यासाचं, चौकटीत वर-खाली छाटलेलं, त्यामुळे त्याच्या डाव्या-उजव्या कमानी वेगवेगळ्या कापता आल्या. आतलं वर्तुळ अकरा इंचांचं, सांध्यावर दुभागलेलं. मधे पालखीचा फोटो, भोवती वारकऱ्यांचे फोटो, मग दोन इंच रुंदीची कोरी वाट, आणि तिच्या बाहेर पुन्हा माणसं. रिंगणात घोडे धावतात ती वाट माणसांनी मोकळी ठेवलेली असते. ती पानावरही मोकळीच हवी होती, नाहीतर ते रिंगण न राहता फोटोंची चकती झाली असती.

त्या वाटेवर अश्व दोन. कुटुंबानं पाठवलेल्या आयत्या फाइलीत दोन्ही घोड्यांवर स्वार होते, अगदी शर्यतीतल्यासारखे पुढे झुकलेले. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही, स्वार असतो तो दुसऱ्या घोड्यावर. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात हे ज्यानं वर्षानुवर्षं बघितलं, त्याच्यासमोर ते पान ठेवलं असतं तर पंचाहत्तरीच्या दिवशी पहिलं वाक्य कौतुकाचं नसतं. अश्व नव्यानं काढले. रिकामा पुढे, स्वाराचा मागे.

अल्बम गुपचूप करायचा होता, पण ठिकाणं सांगणार कोण? सूनबाईंनी डोकं लढवलं. जुने अल्बम खराब झालेत, फोटो नव्या अल्बममध्ये घालतोय, असं सांगून त्यांनी आप्पांना गठ्ठ्यासमोर बसवलं आणि ते सांगतील ते फोटोंच्या पाठीला कागद लावून पेन्सिलीनं लिहून घेतलं. त्यात एका फोटोमागे आधीपासूनच 'इंदापूर' लिहिलेलं निघालं. इंदापूर माउलींच्या वाटेवर नाही, तुकोबांच्या वाटेवर आहे. आम्हाला वाटलं लिहिणाऱ्याची गफलत. आप्पा म्हणाले, "गफलत कसली? एक वर्ष मेहुण्यांच्या दिंडीतनं देहूहून गेलो होतो. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण बघायचं होतं मला."

वाटेप्रमाणे लावलेल्या अल्बममध्ये हे वर्ष बसवायचं कुठे? पुरवणी म्हणून शेवटी टाकणं सोपं होतं, पण शेवटी पंढरपूर हवं होतं. पालख्या एकत्र येतात वाखरीला. म्हणून वाखरीच्या अगोदर एकच पान घातलं, उलट दिशेनं रचलेलं. बाकी सगळ्या अल्बमभर वाट डावीकडून उजवीकडे जाते. या पानावर ती उजव्या कडेवरून आत येते आणि खालच्या कोपऱ्यातून वाखरीच्या पानाकडे वळते. शीर्षक आप्पांच्याच बोलण्यातलं, 'मेहुण्यांच्या दिंडीतनं'.

घरच्यांना अल्बममध्ये खरा बुक्का आणि तुळशीची पानंही हवी होती. बुक्का नाही म्हणजे नाही. तो बंद पाकिटातूनही शिवणीतून झिरपतो आणि समोरच्या फोटोवर बसतो. तुळशीची पानं कितीही वाळवली तरी पावसाळ्यात दमट होतात आणि कसरीला आमंत्रण देतात. आप्पांच्या जुन्या माळेतले सुटलेले मणी मात्र घेतले. पारदर्शक पाकिटात, शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, जिथे समोर दाबला जाईल असा फोटो नाही.

फोमची टेप उंची देते म्हणून सगळ्यांना आवडते. पण समोरासमोरच्या दोन पानांवर एकाच जागी फोम आला की अल्बम मिटत नाही, आणि दाबून मिटवला तर फोटोवर वळ उठतात. आम्ही डाव्या पानावर फोम वरच्या अर्ध्यात आणि उजव्यावर खालच्या अर्ध्यात एवढाच ठेवला. बांधणी स्क्रूची, म्हणजे पुढे पानं वाढवता येतील.

मजकूर मशीनकडून पेनानं लिहून घ्यायचा विचारही झाला होता. मशीनमध्ये पेन बसतं, पण ते अक्षराची बाह्यरेषा काढतं, त्यामुळे मराठी मजकूर पोकळ दिसतो आणि लहान आकारात वाचता येत नाही. हातानंच लिहायचं ठरलं. मुलानं पिगमेंट शाईच्या पेनानं लिहिलं, वडिलांनी सांगितलेलं तसंच्या तसं, 'गेलतो', 'बघितलंन्' सकट.

पैशांचा हिशेब पानामागे केला, आकारामागे नाही. आकारामागे दर लावला की गिऱ्हाईक आणि करणारा दोघंही जास्त कापायच्या मागे लागतात. आणि या कामात कापण्याला सगळ्यात कमी वेळ गेला. खरा वेळ गेला तो फोटो सोडवण्यात, निवडण्यात आणि आप्पांच्या सांगण्याची वाट बघण्यात.

पंचाहत्तरीनंतर परदेशातल्या नणंदेसाठी दुसरी प्रत मागितली आहे, आठ इंची. फाइली तयार आहेत, पण सगळं सरसकट दोन तृतीयांश करून चालत नाही. दोन मिलिमीटरच्या पताका-काठ्या दीडपेक्षा बारीक होतात, तेव्हा त्या पुन्हा जाड कराव्या लागतील. 'नीरा स्नान'मधला 'स्न' त्या मापात कापता येणार नाही, तेवढं शीर्षक छापूनच लावू. आणि मजकुराची मुलाच्या अक्षरातली पानं स्कॅन करून जाणार आहेत, कारण नणंदेला ते अक्षर हवंय.